आधी गिऱ्हाईक, मग कर्ज

मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी एखाद्या तरुणाने उद्योग काढण्याचा विचार बोलून दाखवला, की त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो योजनेचा. कोणत्या महामंडळाकडून कर्ज मिळेल, अनुदान किती टक्के आहे, बँकेचा शाखाधिकारी ओळखीचा आहे का, प्रकल्प अहवाल कोणाकडून करून घ्यायचा, या प्रश्नांची उत्तरे मिळवण्यात त्याचे कित्येक महिने जातात. तो कोणता माल कोणाला विकणार आहे, त्या माणसाला तो भेटला आहे का आणि नमुना पाहून तो माणूस काय म्हणाला, हे मात्र या सगळ्या काळात त्याला सहसा कोणी विचारत नाही. शेड उभी राहते, यंत्र येते, उद्घाटन होते आणि गिऱ्हाईक शोधण्याचे काम त्या दिवसानंतर सुरू होते. तोवर कर्जाचा पहिला हप्ता भरण्याची तारीख जवळ आलेली असते. ज्यांनी शून्यातून उद्योग उभे केले त्यांच्या विचाराचा आणि कामाचा क्रम नेमका याच्या उलट असतो, असे माझे म्हणणे आहे. त्यांचे गिऱ्हाईक आधी ठरते, यंत्र त्यानंतर येते आणि कर्ज सर्वांत शेवटी. मराठवाड्यात उद्योजकतेवर खर्च होणारा सार्वजनिक पैसाही याच क्रमाने खर्च झाला पाहिजे, ही या लेखाची मागणी आहे.

यशस्वी उद्योजक विचार कसा करतात, या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास भारतात जन्मलेल्या एका संशोधिकेने केला आहे. सरस सरस्वती यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात, नोबेल पारितोषिक विजेते हर्बर्ट सायमन यांच्या मार्गदर्शनाखाली, २७ अनुभवी उद्योजकांपुढे एका काल्पनिक उत्पादनाचे प्रश्न ठेवले आणि ते सोडवताना मनात जे येईल ते मोठ्याने बोलत राहण्यास सांगितले. व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवतात ती पद्धत, म्हणजे आधी उद्दिष्ट ठरवायचे, बाजाराचा अंदाज बांधायचा, अपेक्षित नफा काढायचा आणि त्यासाठी लागेल तेवढे भांडवल गोळा करायचे, ही पद्धत या लोकांनी फारशी वापरली नाही. बाजारपेठेच्या अहवालांवर त्यांचा विश्वास कमी होता. आपण कोण आहोत, आपल्याला काय येते आणि आपण कोणाला ओळखतो, येथून त्यांनी सुरुवात केली. नफा किती होईल यापेक्षा किती पैसे बुडाले तरी आपण उभे राहू शकतो, हा हिशेब त्यांनी आधी केला आणि ज्याला माल विकायचा त्याच्याकडेच आपण थेट गेले पाहिजे असे मानले. माल घेण्याचा शब्द देणारा पहिला माणूस त्यांच्या दृष्टीने गिऱ्हाईकही होता आणि भागीदारही.

या निष्कर्षाला आधार देणारा दुसरा अभ्यास उद्योजकतेचे अभ्यासक अमर भिडे यांचा आहे. अमेरिकेत झपाट्याने वाढणाऱ्या खासगी कंपन्यांच्या १९८९ च्या एका प्रसिद्ध यादीतील शंभर संस्थापकांच्या मुलाखती त्यांनी घेतल्या. त्यांपैकी सुमारे ७१ टक्के संस्थापकांनी आपल्या उद्योगाची कल्पना आधीच्या नोकरीतून उचललेली किंवा तीत थोडा बदल केलेली होती. बहुतेकांचे सुरुवातीचे भांडवल अमेरिकेच्या मानाने अगदी किरकोळ होते आणि ते स्वतःच्या बचतीतून आले होते. अनेकांनी लेखी व्यवसाय आराखडा केलेलाच नव्हता. अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या नोंदींवर आधारलेल्या २०१८ मधील एका मोठ्या अभ्यासाने आणखी एक गैरसमज दूर केला. सर्वांत वेगाने वाढलेल्या नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचे कंपनी सुरू करतानाचे सरासरी वय ४५ निघाले, आणि त्याच क्षेत्रात आधी काम केलेल्या माणसाची यशाची शक्यता बाहेरून आलेल्या माणसापेक्षा बरीच जास्त आढळली.

हे अभ्यास परदेशातले आहेत, त्यांचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. मला वाटते, संबंध थेट आहे. आपल्याकडे उद्योगाकडे वळणारा तरुण बहुधा स्पर्धा परीक्षांत काही वर्षे घालवून आलेला असतो. पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात खोली घेऊन त्याने अभ्यास केला, वयोमर्यादा जवळ आली, आणि आता काहीतरी धंदा करू म्हणून तो गावी परतला. त्याच्या मेहनतीबद्दल मला शंका नाही. पण ज्या वर्षांत एखाद्या धंद्याच्या आतल्या खाणाखुणा कळतात, म्हणजे कोणता कच्चा माल कोणत्या महिन्यात स्वस्त असतो, कोणता खरेदीदार बिल वेळेवर देतो, कोणत्या कामात माल परत येण्याचे प्रमाण जास्त असते, ती वर्षे त्याने त्या धंद्यापासून दूर काढलेली असतात. त्याच्याकडे पदवी असते, जिद्द असते, वडिलांची चार एकर जमीन असते. धंद्याचे ज्ञान तेवढे नसते. आणि आपल्या योजना नेमक्या त्याच्या जमिनीकडे पाहतात.

मराठवाड्याच्या मातीतले उदाहरण घ्यायचे तर जालन्याचे घेतले पाहिजे. 'जालना सोने का पालना' ही म्हण जुन्या व्यापारपेठेवरून पडली, पण स्वातंत्र्यानंतर या शहराने जे कमावले ते बियाण्यांतून. बद्रीनारायण बारवाले हे मूळचे हिंगोलीचे. निजामाविरुद्धच्या लढ्यात त्यांनी भाग घेतला होता. १९६० च्या सुमारास दिल्लीतील जागतिक कृषी प्रदर्शनातून त्यांनी 'पुसा सावनी' या भेंडीच्या वाणाचे बियाणे आणले. पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला हे वाण तोंड देत होते आणि त्या काळी भेंडी पिकवणाऱ्या शेतकऱ्याची सर्वांत मोठी अडचण हाच रोग होता. त्यांनी ते आधी शेतात लावले, वाढवले, आजूबाजूच्या शेतकऱ्यांना दिले आणि मागणी दिसल्यावर पुढचे पाऊल टाकले. १९६४ मध्ये महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, स्थापन झाली. तेव्हा देशात संकरित ज्वारी आणि संकरित बाजरीची पहिली वाणे नुकतीच येत होती आणि बियाणे पुरवणे हे सरकारी यंत्रणेचे काम आहे अशीच सर्वत्र समजूत होती. खासगी माणसाने या क्षेत्रात उतरावे असे वातावरणच नव्हते.

बारवाले यांच्या कामातली जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती त्यांनी निवडलेल्या वाणांपेक्षा त्यांनी उभ्या केलेल्या माणसांच्या साखळीत आहे. संकरित बियाणे तयार करणे हे मोठ्या कारखान्याचे काम नव्हे. त्यासाठी शेजारच्या पिकापासून ठराविक अंतर राखलेले शेत लागते, भेसळीची झाडे वेळेवर उपटावी लागतात, नर आणि मादी ओळी नीट सांभाळाव्या लागतात, आणि कापसासारख्या पिकात तर एकेका फुलाचे पुंकेसर हाताने काढून दुसऱ्या दिवशी सकाळी हातानेच परागीकरण करावे लागते. एवढी जमीन विकत घ्यायची आणि एवढे मजूर पगारावर ठेवायचे म्हटले असते, तर कोणत्याही बँकेने त्यांना दारात उभे केले नसते. त्यांनी छोट्या शेतकऱ्यांशी करार केले, मूळ बियाणे आणि मार्गदर्शन दिले, आणि तयार झालेले बियाणे त्यांच्याकडून विकत घेतले. जमीन शेतकऱ्याची, कष्ट शेतकऱ्याच्या घरचे, ज्ञान आणि खरेदीची हमी कंपनीची, अशी ही रचना होती. भांडवलाचा प्रश्न त्यांनी विश्वासाने सोडवला, आणि विश्वास टिकला तो दरवर्षी माल घेतला आणि पैसे दिले म्हणून. शिवाय संकरित वाणाचे बी घरी राखून पुढच्या वर्षी पेरले तर तसे पीक येत नाही, ते दरवर्षी नवे घ्यावे लागते. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती दरवर्षी कंपनी बदलण्याचा अधिकार असतो. ज्या धंद्यात गिऱ्हाईक दर हंगामात अशी परीक्षा घेते, त्या धंद्यात गुणवत्ता हा जाहिरातीचा विषय राहत नाही. १९९८ मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या पाठोपाठ कलश, बेजो शीतल यांसारख्या कंपन्या जालन्यातच वाढल्या, कारण बीजोत्पादनाचे ज्ञान तोवर शेकडो शेतकऱ्यांच्या आणि तंत्रज्ञांच्या हातांत उतरले होते. जालन्याला या धंद्यात पुढे आणणारी गोष्ट हीच होती. हे ज्ञान कोणत्याही अनुदानाने विकत मिळाले नसते.

आता एक आजचे, छोटे आणि हिशेबाचे उदाहरण घेऊ. लातूर, धाराशिव, हिंगोली, परभणी या भागांत डाळ मिलचा प्रकल्प अहवाल हा सर्वांत जास्त मागणी असलेल्या अहवालांपैकी एक असावा. तूर आपल्याकडे पिकते, लातूरची बाजारपेठ जवळ आहे, डाळ प्रत्येक घरात लागते. कागदावर यात काहीही चुकीचे नाही. शंभर किलो तुरीतून साधारण सत्तर ते पंचाहत्तर किलो डाळ निघते, उरलेली चुनी आणि टरफल जनावरांच्या खाद्याला जाते. अहवालात यंत्राची किंमत, शेडचा खर्च, विजेची जोडणी असते आणि शेवटच्या पानावर खेळत्या भांडवलाची एक ओळ असते. सगळा धंदा त्या एका ओळीत आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये होता. त्या दराने शंभर क्विंटल तूर घ्यायची तर आठ लाख रुपये रोख लागतात, आणि शंभर क्विंटल हा मिलच्या दृष्टीने मोठा साठा नव्हे. साठा केल्यावर केंद्राचे आयात धोरण बदलले, म्यानमार किंवा आफ्रिकेतून तूर बंदरावर उतरली, भाव पडला, की यंत्र उत्तम चालत असतानाही मालक बुडतो. ज्याने आडतीवर काही वर्षे काढली आहेत तो हे सांगण्याआधीच ओळखतो. ज्याने अहवाल वाचून सुरुवात केली त्याला हे पहिल्या हंगामात कळते, आणि तोपर्यंत जमीन गहाण पडलेली असते.

हाच धंदा दुसऱ्या रीतीने सुरू करता येतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने गावपातळीवर चालणारी छोटी डाळ मिल विकसित केली आहे. ती घेऊन तूर विकत न घेता गावातल्या आणि पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांची तूर मजुरीवर भरडून द्यायची. तूर शेतकऱ्याची, डाळ त्याचीच, मिलवाल्याला किलोमागे ठरलेली मजुरी. भावातल्या चढउताराचा धोका यात मिलवाल्याकडे येतच नाही. नफा कमी असतो, पण पहिल्या दोन हंगामांत तो तीन गोष्टी शिकतो: कोणत्या वाणाच्या तुरीला किती उतारा पडतो, भिजवणे आणि वाळवणे यांत तुकडा कोठे वाढतो, आणि गावातल्या कोणत्या घरांना वर्षाची डाळ विकत लागते. तिसऱ्या वर्षी त्याने स्वतःची वीस क्विंटल तूर घेऊन त्याच घरांना डाळ विकली, तर त्याचे गिऱ्हाईक आधीच ठरलेले असते आणि नुकसान झालेच तर ते वीस क्विंटलपुरते असते. मोठ्या मिलपर्यंतचा हा रस्ता लांबचा वाटतो, पण या रस्त्यावर घर विकावे लागत नाही.

आपल्या योजना मात्र या दुसऱ्या माणसाला कशा वागवतात ते पाहिले पाहिजे. केंद्राचा प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून चालू आहे. दोन्हींचा हेतू चांगला आहे आणि त्यांतून उभी राहिलेली माणसेही आहेत. पण केंद्राच्या योजनेत अनुदान प्रकल्पखर्चाच्या टक्केवारीने मिळते, प्रवर्ग आणि ठिकाण पाहून १५ ते ३५ टक्के. खुल्या प्रवर्गातील ग्रामीण अर्जदाराला २५ टक्के मिळतात. म्हणजे पाच लाखांच्या प्रकल्पाला सव्वा लाख आणि पंचवीस लाखांच्या प्रकल्पाला सव्वासहा लाख. हे गणित समोर असताना कोणता अर्जदार छोटा प्रकल्प मांडेल? अनुभवी उद्योजक ज्या टप्प्यावर शक्य तितके कमी पैसे अडकवतो, त्याच टप्प्यावर आपण नवख्या माणसाला जास्तीत जास्त पैसे अडकवण्याचे बक्षीस देतो. त्यातही ती रक्कम हातात येत नाही. ती तीन वर्षे बँकेत ठेवीच्या रूपाने राहते आणि मग कर्जात वळती होते. ही अट योग्यच आहे, पण अनुदानावर भिस्त ठेवून बसलेल्या माणसाला पहिल्या वर्षी खेळत्या भांडवलासाठी तिचा काही उपयोग होत नाही. शिवाय या योजनेचे पहिले कर्ज नव्याने सुरू होणाऱ्या प्रकल्पासाठीच असते. ज्याने स्वतःच्या बचतीतून आधी छोटी सुरुवात केली, दोन वर्षे गिऱ्हाईक सांभाळले आणि आता वाढायचे आहे, तो नवा उरत नाही. विस्तारासाठी दुसऱ्या कर्जाची सोय पुढे झाली, परंतु ती याच योजनेतून किंवा मुद्रासारख्या योजनेतून आधी कर्ज घेऊन ते फेडलेल्यांसाठी. कर्जाशिवाय उभा राहिलेला माणूस, जो खरे तर सर्वांत भरवशाचा, तो दोन्हींच्या मधल्या फटीत राहतो. २०२० मध्ये आलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत चालू असलेल्या छोट्या घटकांना ३५ टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद आहे, आणि ती दिशा मला अधिक बरोबर वाटते.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. सोसवेल तेवढेच नुकसान पत्करा, असा सल्ला देणे सोपे आहे. पण ज्याला काहीच सोसवणार नाही त्याने काय करायचे? फ्रँक नाइट या अर्थशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये जोखीम आणि अनिश्चितता यांत फरक केला होता. जोखीम मोजता येते आणि तिचा विमा काढता येतो, अनिश्चितता मोजता येत नाही आणि नफ्याचे मूळ तिच्यात असते. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला अनिश्चितता शिकवण्याची गरज नाही. सोयाबीनमध्ये किंवा कापसात तो तुरीच्या ओळी टाकतो ते याचसाठी, की पाऊस ऑगस्टमध्ये दडी मारून बसला आणि एक पीक गेले, तर दुसरे हाती यावे. शेतात इतक्या विचाराने नुकसान वाटून घेणारा हाच माणूस धंद्यात उतरताना सगळे एका डावावर लावतो, याचे कारण त्याचा स्वभाव हे नाही. बँक सातबारा मागते, योजना मोठा प्रकल्प मागते, आणि घरातली माणसे एकदाच संधी देतात. व्यापारी घराण्यातला मुलगा बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून दुकानात बसतो, त्याला उधारी कोणाला द्यायची हे कळते, त्याचा पहिला माल मामाच्या किंवा चुलत्याच्या पेढीवरून पत म्हणून येतो, आणि तो बुडाला तर नातेवाईक त्याला दुसऱ्या गावी पुन्हा दुकान लावून देतात. या आधाराला कोणी अनुदान म्हणत नाही, पण तो अनुदानापेक्षा मोठा आहे. शेतकरी, दलित, भटक्या समाजांतल्या मुलाला तो नाही. बीडच्या ऊसतोड कुटुंबात तर वर्ष सुरू होते तेच मुकादमाकडून घेतलेल्या उचलीने. ती फिटेपर्यंत त्या घराला स्वतःच्या वेळेवरही हक्क नसतो. अशा घरातल्या तरुणाला सोसवेल असे नुकसान शून्य आहे.

म्हणून नुकसान सोसण्याची ताकद वाढवणे हे सरकारचे काम आहे, असे मी मानतो, आणि ते काम यंत्रावर टक्केवारीने पैसे देऊन होत नाही. ते होते धंद्याची पहिली दोन वर्षे स्वस्त केल्याने. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि त्याने राज्यभर भूखंड दिले. पण ज्याचे गिऱ्हाईक अजून ठरायचे आहे त्याला भूखंड नको असतो, त्याला दोन-तीनशे चौरस फुटांचा, वीज जोडलेला, महिन्याच्या भाड्याने मिळणारा आणि महिनाभराच्या सूचनेवर सोडता येणारा गाळा हवा असतो. महामंडळाने काही ठिकाणी गाळ्यांच्या इमारती बांधल्या आहेत. तालुक्याच्या औद्योगिक वसाहतींत अशा भाड्याच्या गाळ्यांची जोड दिली आणि महागडी यंत्रे तासाच्या दराने वापरायला मिळाली, तर धंदा जमला नाही म्हणून घर उद्ध्वस्त होणार नाही. वाळूजचे मराठवाडा ऑटो क्लस्टर आणि छत्रपती संभाजीनगरातील इंडो-जर्मन टूल रूम या संस्थांनी चाचणी, साचे, प्रशिक्षण यांसाठी सामायिक सोयींचा मार्ग दाखवला आहे. अशी सोय उदगीरला डाळ आणि मसाल्यासाठी, वसमतला हळदीसाठी, भूमला खव्यासाठी का असू नये, याचे पटणारे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

वाळूजचा उल्लेख आलाच आहे, तर तेथे काय घडले हेही सांगितले पाहिजे, कारण पहिल्या गिऱ्हाइकाचे मोल तेथे उघड दिसते. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो छोट्या शेड उभ्या राहिल्या. त्यांतल्या एंड्युरन्स आणि व्हॅरॉक या कंपन्या पुढे देशपरदेशांत पोचल्या आणि शेअर बाजारातही आल्या. या दोन कंपन्यांचे संस्थापक बंधू बजाज कुटुंबाचे नातेवाईक होते आणि पहिले गिऱ्हाईक त्यांना जवळ होते. त्यांनी त्या सुरुवातीचे पुढे जे केले ते कर्तृत्व त्यांचे स्वतःचेच आहे. पण ज्याचे कोणी नातेवाईक नव्हते अशा असंख्य टर्नर, फिटर आणि सुपरवायझर लोकांनीही याच वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये एक जुने लेथ मशीन टाकून जॉबवर्क सुरू केले. माल गिऱ्हाइकाचा, ड्रॉइंग गिऱ्हाइकाचे, आपली फक्त मजुरी, म्हणजे रचना तीच, जी गावातल्या छोट्या डाळ मिलची. कोणता भाग वारंवार नापास होतो आणि कोणता पुरवठादार उशीर करतो, हे त्यांना नोकरीतच कळले होते. भिडे यांनी अमेरिकेत जे मोजले ते वाळूजमध्ये चालत्या शेडमध्ये जाऊन पाहता येते.

अशा छोट्या पुरवठादाराला मारते ती स्पर्धा नव्हे, मारतात ती थकलेली बिले. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने छोट्या पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन घातले, आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजाची तरतूद केली. आयकर कायद्यातही २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून असा नियम आला, की सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदत उलटून वर्षअखेरही थकवणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. कायदा चांगला आहे. पण ज्याचे नव्वद टक्के काम एकाच कंपनीकडून येते, तो त्या कंपनीविरुद्ध तक्रार करत नाही, कारण पुढची ऑर्डर जाते. तक्रार पुरवठादाराने करावी ही अपेक्षाच सोडून दिली पाहिजे. कंपनीच्या विवरणपत्रांवरून आणि जीएसटीच्या नोंदींवरून थकबाकी यंत्रणेनेच शोधावी, आणि तिची सुरुवात सरकारी खात्यांपासून, जिल्हा परिषदांपासून, महापालिकांपासून करावी. स्वतः बिले थकवणाऱ्या खात्याने तरुणांना उद्योजक व्हा म्हणून मेळावे भरवणे मला मान्य होत नाही.

पहिले गिऱ्हाईक म्हणून सरकार उभे राहू शकते, आणि त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती आणि सार्वजनिक कंपन्यांनी आपल्या खरेदीचा २५ टक्के भाग सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के आणि महिला उद्योजकांसाठी ३ टक्के ठेवले आहेत. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत शाळा, आश्रमशाळा, वसतिगृहे, अंगणवाड्या, रुग्णालये आणि कृषी विद्यापीठ यांना वर्षभर काय लागते याची यादी जिल्हानिहाय प्रसिद्ध केली, आणि त्यातल्या डाळी, मसाला, गणवेश, बाकडी, फर्निचर अशा वस्तू छोट्या तुकड्यांत, नमुना तपासून, तालुक्यातल्या घटकांकडून घेतल्या, तर एका मोठ्या अनुदानाने जे साधणार नाही ते अशा एका ऑर्डरने साधेल. मोठ्या निविदेत लाखोंची अनामत आणि तीन वर्षांच्या उलाढालीची अट असते. तिथे नवखा माणूस पात्रच ठरत नाही. दर्जाशी तडजोड करावी असे मी म्हणत नाही. बारवाले यांच्या शेतकऱ्यांचे बियाणेही तपासूनच घेतले जात होते.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. सगळे उद्योग छोट्या सुरुवातीने उभे राहतात असे मी मानत नाही. जालन्याच्या लोखंडी सळयांच्या कारखान्यांना भट्टी आणि वीज लागते, शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक वसाहतीत येणारे प्रकल्प कोट्यवधींचेच असणार, आणि त्यांना रस्ते, पाणी आणि जमीन देणे हे सरकारचे रास्त काम आहे. मोठा कारखाना आला की त्याच्याभोवती छोटे पुरवठादार उभे राहतात, हे वाळूजने दाखवले. परंतु मोठ्या कारखान्याच्या करारात स्थानिक छोट्या पुरवठादारांकडून किती खरेदी होईल, हा मुद्दा जमिनीच्या आणि विजेच्या सवलतींइतक्याच गांभीर्याने बोलला गेला पाहिजे. आज सवलतींचे आकडे जाहीर होतात, खरेदीचे होत नाहीत.

बँकांविषयी शेवटी लिहितो, कारण शाखाधिकाऱ्याला दोष देणे सोपे आहे आणि ते न्याय्य नाही. कर्ज बुडाले तर जाब त्याला द्यावा लागतो, म्हणून तो जे मोजता येते ते मोजतो, आणि त्याच्या हाती मोजण्यासारखे सातबारा आणि प्रकल्प अहवाल एवढेच दिलेले असते. आता निराळे मोजमाप उपलब्ध आहे. गावातल्या चहाच्या टपरीपासून शिलाईच्या दुकानापर्यंत यूपीआयने पैसे येतात, जीएसटी भरणाऱ्याची विक्री विवरणपत्रांत नोंदली जाते, विजेचे बिल यंत्र किती चालले ते सांगते. जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सार्वजनिक बँकांनी छोट्या उद्योगांची पत अशा डिजिटल व्यवहारांवरून ठरवण्याची स्वतःची पद्धत उभारावी असे जाहीर झाले. ही पद्धत जिल्हा उद्योग केंद्राच्या अर्जातच आणली पाहिजे. अर्जाच्या पहिल्या पानावर प्रकल्पखर्चाच्या जागी आजवर कोणाला किती माल विकला हा रकाना असावा. ज्याच्याकडे तो भरण्यासारखे काही नाही त्याला नाकारू नये, त्याला भाड्याच्या गाळ्याकडे, जॉबवर्ककडे आणि सहा महिन्यांच्या छोट्या रकमेकडे पाठवावे, आणि तो रकाना भरून परतला की तारण न मागता पुढचे कर्ज द्यावे. ज्या ऊसतोड कामगाराच्या मुलीने गावात राहून वर्षभर ब्लाउज आणि गणवेश शिवले आहेत आणि जिच्या खात्यात प्रत्येक आठवड्याला गिऱ्हाइकांचे पैसे आलेले दिसतात, तिच्याकडे जमिनीचा उतारा मागण्याचे कोणतेही कारण मग बँकेजवळ उरणार नाही.